जुनी लाकडी फ्लूट ऑनलाइन घेताना जोडकाम (वेगवेगळ्या फ्लूटचे तुकडे एकत्र बसवलेले) कसं ओळखायचं?

डब्लिनकर: मंडळी, आयरिश संगीतासाठी १९व्या शतकातली आठ कीची (भोकं झाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) लंडनची फ्लूट बघतोय, रुडॉल अँड रोज (तिथले जुने फ्लूटकार) म्हणून विकायला लावलीये पण हेडचा, म्हणजे फुंकायच्या तुकड्याचा रंग जरा गडद वाटतोय, फोटो चारच, काय बघू?

फुंकर_७२: आधी प्रत्येक तुकड्यावरच्या बनवणाऱ्याच्या शिक्क्याचा क्लोजअप माग. रुडॉलच्या फ्लूटवर सिरियल नंबरही असतो, तो जितक्या तुकड्यांवर दिसेल तिथे एकच हवा. हेडबद्दल म्हणशील तर तोच भाग जास्त बदललेला असतो, कारण आत धातूची नळी असते आणि लाकूड वाळून आकसलं की नळी काही आकसत नाही, मग तडा जातो आणि कुणीतरी दुसऱ्याच फ्लूटचं हेड बसवून देतं. पण नुसत्या रंगावर जाऊ नको, हाताळून आणि तेल पिऊन कोकसवूड (या फ्लूटचं लाकूड) काळं पडतंच. लाकडाच्या रेषा बघ, चांदीच्या रिंगांची घडण सगळीकडे सारखी आहे का ते बघ.

सूरदास_नाही: सांध्यावर दोऱ्याचं जाडजूड वेटोळं दिसलं की मला तरी शंका येते, म्हणजे मूळचा तुकडा नाही बहुतेक. आणि आतून उजेड टाकून फोटो माग, जोडावर पायरी दिसली तर सूर बोंबलणार. विकणारा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोड सरळ.

डब्लिनकर: मागितले. फूट जॉइंटवर (सगळ्यात खालच्या तुकड्यावर) शिक्काच नाही म्हणतोय 😑

फुंकर_७२: मग किंमत निम्मी सांग आणि गंमत बघ.