विषय: सनामध्ये एक पान वाढलंय

प्रेषक: नाशिककरांची सून
१४ डिसेंबर, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्ड सहलीला येणाऱ्या सगळ्यांसाठी ही मेल. सासूबाई जानेवारीत येणार होत्या, त्याही आधी न्यू जर्सीला नणंदेकडे. नणंदेला ऑफिसच्या कामासाठी अचानक बाहेर जावं लागतंय, त्यामुळे सासूबाई १९ तारखेला थेट आमच्याकडे अटलांटाला उतरतायत आणि २१ला पहाटे आपण निघणार. गाडीत जागा आहे, हॉटेलच्या खोलीत पलंगही आहे. अडलंय ते जेवणाचं.

२२ तारखेचं सना या डिस्नीच्या रेस्टॉरंटमधलं माझ्या नावावरचं बुकिंग ६ जणांचं आहे, दुपारी ४:३०चं. अ‍ॅपमध्ये ६चे ७ करून पाहिले तर थेट रात्री ७:५०ची वेळ दाखवतंय. आपण सना घेतलं ते खिडकीबाहेरच्या जिराफ-झेब्र्यांसाठी. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, मग ७:५०ला काचेत आपलीच तोंडं बघायची का?

सासूबाईंच्या कानावर हे गेलं आणि लगेच उत्तर आलं, "माझं काय अडलंय! मी खोलीत मेतकूट-भात खाईन, कुकर आहे ना बरोबर." असं बोलणारी माणसं तुमच्याही घरात असतीलच. त्यांना तिथे एकटं बसवून मला नानचा घास गिळवणार नाही. काय करू?

*

प्रेषक: सहल समिती (गाड्यांची व्यवस्था)
१५ डिसेंबर, सकाळी ७:०५

काही करू नका. सरळ जाऊन उभे राहा. आपल्याकडे पंगतीला एक माणूस वाढला तर आमटीत तांब्याभर पाणी घालतात. एखादं पोर मांडीवर घ्यायचं, झालं.

*

प्रेषक: नऊ वर्षं टॅम्पात काढलेली मावशी
१५ डिसेंबर, सकाळी ९:४०

भाऊ, आमटीत पाणी घालता येतं, टेबलाला पाय फुटत नाहीत. तिथे खुर्च्या मोजून असतात. दोन टेबलांमधली वाट मोकळी ठेवावी लागते, आग लागली तर माणसं बाहेर पडायला हवीत म्हणून. दारातली मुलगी गोड हसून म्हणेल, "बघते हं," आणि तुम्ही पाऊण तास बाकावर. मोठं टेबल रिकामं असलं तर घेतातही, पण नाताळच्या आठवड्यात त्या भरवशावर राहू नका. उलट ६ सांगून ५ गेलात तर कोणी हूं की चूं करत नाही.

सूनबाई, तुमचं आहे ते बुकिंग रद्द मात्र करू नका. "हे सोडते आणि नवीन घेते" म्हणून हातचं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. डिस्नीच्या हॉटेलात राहणारे लोक ६० दिवस आधी पहाटे सहाच्या आत उठून, पुढच्या १० दिवसांपर्यंतची टेबलं एका बैठकीत धरून ठेवतात. बदल करायचाच तर अ‍ॅपमधल्या 'बदला'मधून करा, म्हणजे नवीन मिळेपर्यंत जुनं हातात राहतं.

आता मला सांगा, १७ जणांची बुकिंगं कशी फोडली आहेत? ५ची एखादी आहे का? ५ जणांना बहुतेक ६ खुर्च्यांचंच टेबल देतात, त्यामुळे ५चे ६ पटकन होतात. ६चे ७ म्हणजे दुसरं टेबल जोडायचं, घोडं तिथे अडतं.

*

प्रेषक: खजिनदार
१५ डिसेंबर, दुपारी १२:१५

६, ६ आणि ५. पाचचं माझ्या नावावर आहे, तेव्हा मीच ६ करतो. हाय काय अन् नाय काय!

*

प्रेषक: खजिनदार
१५ डिसेंबर, दुपारी १२:५०

मंडळी, एक कबुली. आमच्या सौ.ने वरची मेल वाचली आणि विचारलं, "त्या पाचात बाळ धरलंय का?" नाही धरलेलं. तीन वर्षांखालच्यांना बुफेत पैसे पडत नाहीत असं वाचलं होतं, म्हणून मोजलंच नाही. म्हणजे माझं ५चं टेबल आधीच ६चं आहे. आता सासूबाई धरून आपण १९ झालो.

*

प्रेषक: टॅम्पावाली मावशी
१५ डिसेंबर, दुपारी २:३०

खजिनदारांनी माणसं मोजण्यात चूक करावी! पैसे पडोत न पडोत, बाळ उंच खुर्चीत बसलं तरी जागा व्यापतं, म्हणून ते धरावंच लागतं. ही चूक अर्धं जग करतं, मनाला लावून घेऊ नका.

आता ऐका. टेबल वाढवायच्या नादी लागू नका, माणसं फोडा. ७ जणांचं टेबल शोधणं म्हणजे दिवाळीत कोकण रेल्वेचं तिकीट शोधणं. दोघांचं टेबल मात्र शेवटपर्यंत कुठे ना कुठे सुटत असतं. तिथे २ तास आधीपर्यंत रद्द केलं तर दंड नाही, त्यानंतर माणशी १० डॉलर. त्यामुळे आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी लोक धरून ठेवलेली टेबलं सोडतात.

सूनबाई, तुमच्या सहात तुम्ही चौघं आणि ते नवीन जोडपं ना? त्या दोघांनी स्वतःच्या खात्यातून दोघांचं वेगळं टेबल घ्यावं. तुमच्या खात्यातून घेऊ नका, एकाच वेळी दोन ठिकाणी जेवायला अ‍ॅप परवानगी देत नाही. त्यांनी सोडलेल्या दोन खुर्च्यांपैकी एक सासूबाईंना. दुसरी खजिनदारांच्या मोठ्या मुलीला, ती नाहीतरी तुमच्या लेकीलाच चिकटलेली असते. तिकडे खजिनदारांचे बाळासकट पाच झाले. खुर्चीवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, नाव लागतं ते फक्त बुकिंग कोणाचं एवढ्यापुरतं. जुन्या तिन्ही बुकिंगांना हातही लावायचा नाही.

जोडप्याला आधी विचारा मात्र. परस्पर ठरवून टाकू नका.

*

प्रेषक: ते नवीन जोडपं
१५ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

मावशी, सहलीत दोघांचं वेगळं टेबल! हे आम्ही मागायला लाजलो असतो. आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही :)

आत्ताच पाहिलं, ५:०५ची वेळ आहे. घेऊन टाकली. ४:३० जवळचं काही सुटलं तर बदलू.

*

प्रेषक: सहल समिती (गाड्यांची व्यवस्था)
१५ डिसेंबर, रात्री ८:००

आमटीचे शब्द मागे घेतो. पण मग प्रत्येकाने आत्ताच दोघांची एकेक जास्तीची बुकिंगं धरून ठेवावीत का? लागली तर लागली.

*

प्रेषक: खजिनदार
१५ डिसेंबर, रात्री ८:२०

नाही. एकजण जरी रद्द करायला विसरला तर माणशी १० डॉलर, आणि ते मंडळाच्या खात्यातून मिळणार नाहीत. शिवाय आपण उगाच अडवलेल्या टेबलापायी दुसऱ्या कोणाच्या सासूबाई खोलीत मेतकूट-भात खात बसतील.

हिशेबाचंही आत्ताच सांगतो. ६ किंवा जास्त माणसांच्या बिलात १८ टक्के टिप ते स्वतःच लावतात. सहाच्या टेबलांनी बिल नीट वाचा, वर आणखी टिप देऊ नका. आमच्या पाचांनी आणि जोडप्याने मात्र आठवणीने द्यायची.

*

प्रेषक: नाशिककरांची सून
१६ डिसेंबर, सकाळी ८:१५

मावशी, तुमचे उपकार कसे फेडू? आणखी दोन शंका आहेत. २३ला दुपारी एपकॉट पार्कमधल्या गार्डन ग्रिलला जेवण आहे, तिथेही असंच करायचं का? आणि सासूबाईंना अंडं चालत नाही, नानमध्ये असलं तर?

*

प्रेषक: टॅम्पावाली मावशी
१६ डिसेंबर, सकाळी १०:००

गार्डन ग्रिल पार्कच्या आत आहे. टेबल मिळालं तरी एपकॉटच्या तिकिटाशिवाय आत जाता येणार नाही. एका जेवणासाठी अख्खं तिकीट काढायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काढणार नाही. सना अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये आहे, २४चा नाश्ता शेफ मिकीजला म्हणजे कंटेम्पररी हॉटेलात. हॉटेलांतल्या जेवणाला तिकीट लागत नाही. २३ला दुपारी त्यांना कोणीतरी मोनोरेलने फिरवून आणा, त्यालाही तिकीट लागत नाही. कंटेम्पररीत तर गाडी हॉटेलच्या पोटातून जाते. नाश्त्यासाठी पुन्हा दोघांचं टेबल बघत राहा.

अंड्याचं बुकिंगमध्ये लिहा आणि बसल्याबरोबर वाढणाऱ्याला सांगा. अशा वेळी शेफशी बोलता येतं, काय चालेल ते तो सांगतो. लाजू नका, त्यांना सवय आहे.

आणि जोडप्याचं टेबल ऐनवेळी हुकलं तर सनाच्या लाउंजमध्ये बुकिंग लागत नाही, आधी येईल तो बसेल. पाव-चटण्यांचं ताट तिथेही मिळतं.

*

प्रेषक: नाशिककरांची सून
२५ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

काल रात्री उशिरा सगळे सुखरूप पोचलो. ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

२२ला सकाळी जोडप्याला ४:४०ची वेळ मिळाली. चारही टेबलं एका ओळीत काही मिळाली नाहीत. आमचं आणि खजिनदारांचं शेजारी, दुसरं सहाचं खांबापलीकडे, आणि जोडपं पार खिडकीत, जिराफाच्या सगळ्यात जवळ! त्यावरून खजिनदार अजून कुरकुरतायत.

पाव-चटण्यांचं ताट मागवलं: पाच तऱ्हेचे पाव आणि नऊ वाट्या. शेफ आला, कोणता पाव चालेल ते त्याने दाखवलं. सासूबाईंनी चालणाऱ्या सगळ्या वाट्यांत बोट बुडवलं. चिंचेची चटणी पास. आंब्याची "गोड केलीय उगाच". लसणाचं लोणचं दोनदा मागवलं. खजूर घातलेल्या टोमॅटोच्या जॅमची कृती त्या शेफला मराठीतून विचारत होत्या आणि तोही मान हलवत होता. मग एकदम म्हणाल्या, "अगं, तो बघ, पाठमोरा," आणि पुढची दहा मिनिटं एक घासही न घेता जिराफाकडे बघत बसल्या.

२३ला तिकीट काढलं नाही. यांनी एपकॉट सोडलं आणि आईला घेऊन मोनोरेलच्या तीन फेऱ्या मारल्या. नाश्त्याचं दोघांचं टेबल आदल्या रात्री ११ला सुटलं. तिथे मिकी माऊसने सासूबाईंचा हात हातात घेतला तेव्हा त्या पदर सावरत "बसा ना" म्हणाल्या. फोटो वेगळे पाठवते.

खजिनदार, आमच्या टेबलाचं बिल जोडलंय, टिप त्यातच आहे.

आणि हो, राइस कुकर कोणाच्या गाडीत राहिलाय? चारही दिवस डबा उघडला नाही, पण आज सकाळपासून सासूबाई तो शोधतायत.