मदत हवी आहे: व्हीएलसी (व्हिडिओ प्लेयर) इन्स्टॉल झाला, पण फोनवरचे फोर-के व्हिडिओ अडखळतात

फोंड्यातल्या घरचा पीसी: दुसऱ्या पिढीचा कोअर आय३, ८ जीबी रॅम, विंडोज १०, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जुना ३२-बिट व्हीएलसी काढून ६४-बिट ३.० बसवला; इन्स्टॉल विनातक्रार झालं. जत्रेतल्या दशावताराचं फोनवरचं शूटिंग (फोर-के, एचईव्हीसी म्हणजे जास्त दाबून साठवलेला व्हिडिओ, १०-बिट म्हणजे रंगांच्या जास्त छटा) लावलं की आवाज नीट, चित्र मात्र गोठतं आणि राजाच्या मुकुटावर करडे चौकोन उमटतात. सीपीयू १०० टक्के. फाइल हार्ड डिस्कवरच आहे, पेन ड्राइव्हवर नाही. हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) बंद-चालू केलं, फाइल कॅशिंग (फाइल आधीच थोडी वाचून ठेवणं) ३०० वरून २००० मिलिसेकंद केलं, फरक शून्य. या चिपमध्ये एचईव्हीसी डिकोडरच नाही, तिथे कॅशिंग काय करणार म्हणा! खर्च नको, म्हणून हँडब्रेकने (व्हिडिओचं स्वरूप बदलणारं मोफत सॉफ्टवेअर) १०८०पी एच.२६४ (जुना, उलगडायला हलका प्रकार), ८-बिट करणार. रात्रीच्या दृश्यांतल्या काळोखात पट्टे दिसू नयेत यासाठी आरएफ (दर्जाचा आकडा; कमी म्हणजे दर्जा चांगला, फाइल मोठी) किती ठेवू, १८ की २०?