नदीत खडी टाकायची कशाला?

नदीकाठचा:
कॅलिफोर्नियात फॉल्सममध्ये राहायला येऊन नऊ वर्षं झाली. दर थोड्या वर्षांनी उन्हाळा सरता सरता इथल्या ‘अमेरिकन’ नावाच्या नदीत लोडर यंत्रं उतरतात आणि पात्रात खडी पसरतात. का, तर चिनूक सामन आणि स्टीलहेड (म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट) या माशांना अंडी घालायला जागा हवी. मोठा पूर आला की ती खडी वाहून जाते, मग पुन्हा ओता. निंबस धरणाखाली हॅचरी आहे, तिथे पिल्लं तयार होतातच. हे पैसे पाण्यात, अगदी अक्षरशः.

सुमेधा_सॅक:
खडी वाहून जाणारच, नदीचं कामच ते. पण पूर्वी वरून दुसरी येत होती. 1950च्या दशकात फॉल्सम आणि निंबस धरणं झाली. तेव्हापासून वरचे दगडगोटे तलावातच अडकतात आणि धरणातून सुटणारं पाणी खालची खडी घेऊन जातं. उरतात मोठाले धोंडे, ते मादीला हलत नाहीत. ती शेपटीने खळगा उकरते, अंडी घालते आणि वर खडी लोटते. खड्यांच्या फटींतून पाणी खेळत राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. गाळ बसला की संपलं.

नदीकाठचा:
हॅचरीचं काय ते सांगितलंच नाहीत.

सुमेधा_सॅक:
हॅचरीतल्या स्टीलहेडचा वाण ईल नदीवरून आणलेला, इथला नव्हेच. सेंट्रल व्हॅलीच्या (म्हणजे ही नदी ज्यात येते त्या मोठ्या खोऱ्याच्या) स्टीलहेडला 1998 पासून कायद्याचं संरक्षण आहे, त्यात हॅचरीचे हे मासे धरलेले नाहीत.

कृष्णाकाठ:
सांगलीहून वाचतोय आणि हसतोय. आमच्याकडे नदीतली वाळू रातोरात गायब होते, तुमच्याकडे सरकार स्वतः खडी आणून टाकतं! आणता कुठून हो?

सुमेधा_सॅक:
काठावरूनच! 1848 साली वर कोलोमाला सोनं सापडलं. पुढे ड्रेजर यंत्रांनी सोन्यासाठी अख्खा काठ उलथापालथा केला. गोट्यांचे ते ढीग अजून तसेच पडून आहेत. तेच चाळून पात्रात टाकतात. नदीचंच नदीला.

जुना_कारकून:
पैशांचं म्हणाल तर 1992च्या कायद्याने सेंट्रल व्हॅली प्रकल्पाचं (ही धरणं त्यातलीच) पाणी आणि वीज घेणाऱ्यांवर यासाठी आकार बसवलाय. ज्यांना धरणाचा फायदा, त्यांनी भरावं. यात मला तरी गैर दिसत नाही.

तळ्यात_मळ्यात:
मी नदीकाठच्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. खडी टाकली, अंडी फुटली, पुढे? चिनूकचं पिल्लू वसंतातच समुद्राकडे निघतं. स्टीलहेडचं वर्ष-दोन वर्षं नदीतच राहतं. ऐन उन्हाळ्यात फॉल्सम तलावाच्या तळाचं थंड पाणी कमी पडलं की खालची नदी तापते. बाळंतिणीची खोली सजवली आणि बाळाला उन्हात ठेवलं, असं झालं. खरा प्रश्न पाण्याचा आहे. लोडरचा फोटो छापून येतो, थंड पाण्याचा येत नाही.

सुमेधा_सॅक:
हे मात्र मान्य. हल्ली खडीबरोबर पिल्लांसाठी बाजूचे उथळ फाटेही खोदतात, पण त्याने ऑगस्टचं पाणी थंड होत नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.
नदीकाठचा, फेब्रुवारीत नदीवर सेलर बार या ठिकाणी या. नव्या खडीवर उकरलेले फिकट चट्टे काठावरून दिसतात. पाण्यात मात्र उतरू नका, पायाखाली अंडी असतात.

नदीकाठचा:
येतो. पण मत तेच आहे, आत्ताच सांगून ठेवतो.