पाऊस सारखाच, मग वनस्पती वेगळ्या का? वाळूच्या टेकड्या, वाळवंट आणि सव्हाना

ओलीमाती (प्रश्न)

नमस्कार. पाठ्यपुस्तकांत वनस्पतिप्रदेशांची मांडणी बहुतेक वेळा पर्जन्यमानावर केलेली असते: वर्षाला २५० मि.मी.पेक्षा कमी पाऊस असेल तर वाळवंट, त्याहून थोडा अधिक असेल तर गवताळ प्रदेश आणि भरपूर असेल तर जंगल. ही मांडणी तीन ठिकाणी मला अडते. चांगला पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यांवरील वाळूच्या टेकड्यांवरही जाड किंवा गुंडाळलेल्या पानांच्या, वाळवंटात शोभतील अशाच वनस्पती दिसतात. प्रत्यक्ष वाळवंटात मात्र वाळूवर झुडपे आणि गवत तग धरून असते आणि शेजारची चिकणमातीची सपाट जमीन उघडी पडलेली असते. सव्हानाच्या, म्हणजे विखुरलेली झाडे असलेल्या उष्ण गवताळ प्रदेशाच्या, काही भागांत तर जंगल पोसू शकेल इतका पाऊस पडूनही गवताचे राज्य टिकून राहते. या तिन्हींमागे एकच कारण आहे की प्रत्येकाचे कारण निराळे आहे, हे कुणी समजावून सांगाल का?

रेतीवाटा

तुमच्या दुसऱ्या उदाहरणापासून सुरुवात करतो, कारण तिथे गणित सर्वांत स्वच्छ आहे. आकाशातून किती पाणी पडले यापेक्षा मुळांच्या आवाक्यात किती पाणी किती दिवस राहिले, यावर वनस्पती जगते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख वाल्टर यांनी यासाठी एक साधे उदाहरण दिले आहे. कोरड्या जमिनीवर ५० मि.मी. पाऊस पडला, तर बारीक कणांची चिकणमाती पाणी वरच्या वरच धरून ठेवते आणि ओल जेमतेम १० सें.मी.पर्यंत जाते, वाळूची पाणी धरण्याची क्षमता कमी असल्याने तेच पाणी ५० सें.मी.पर्यंत मुरते. पुढे उन्हाने दोन्हीकडे वरचा ५ सें.मी. थर सुकला, तर चिकणमातीतील निम्मे पाणी उडून जाते आणि वाळूतील केवळ एक दशांश. सुकलेला वाळूचा थर खालच्या ओलीवर झाकणासारखा बसतो, कारण जाड कणांमधून केशाकर्षणाने पाणी फार वर चढत नाही.

म्हणूनच थरच्या वाळवंटात फोग, खिंप आणि सेवण गवत वाळूच्या टेकड्यांवर वाढतात आणि सखल भागात, जिथे वाहून आलेले पाणी साचून आटते व क्षार मागे ठेवते, तिथे खारट जमीन सोसणारी मांसल पानांची मोजकी झुडपे उरतात. हे सगळे एकाच पावसाच्या पट्ट्यात, कधीकधी हाकेच्या अंतरावर घडते. पाऊस वाढला की चित्र उलटते: दमट प्रदेशात वाळूतून पाणी मुळांच्याही खाली निघून जाते आणि बारीक पोताची माती सरस ठरते. १९७३ साली इस्रायली परिसंस्थाशास्त्रज्ञ इमॅन्युएल नॉय-मीर यांनी हा पालटण्याचा टप्पा साधारण ३०० ते ५०० मि.मी.च्या दरम्यान असल्याचे मांडले. तुमची पहिली दोन उदाहरणे परस्परविरोधी वाटतात ती यामुळेच. ती या टप्प्याच्या दोन बाजूंना उभी आहेत.

धुक्याच्या वाळवंटांचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. नैऋत्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील नामिब वाळवंटात समुद्राकडून येणारे धुके टेकड्यांवरील स्टिपाग्रोस्टिस गवताच्या पात्यांवर थेंबाथेंबाने साचते आणि खाली ओघळून उथळ मुळांना मिळते. तिथे समुद्रापासूनचे अंतर पर्जन्यमापकाइतकेच बोलके असते.

मर्यादवेल

रेतीवाटा यांचे पाण्याचे स्पष्टीकरण मान्य आहे, पण किनारी टेकड्यांची गोष्ट केवळ पाण्यावर सुटत नाही. पाण्याकडून आत जाताना तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात: वाऱ्यासोबत येणारे खारे तुषार कमी होतात, वाळूची हालचाल मंदावते आणि जमिनीत सेंद्रिय द्रव्य साठू लागते. उष्ण प्रदेशांत अगदी पुढच्या रांगेत, वाळूवर लांब धुमारे सोडणारी मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा हे टोकदार गवत दिसते. थंड युरोपीय किनाऱ्यावर तीच जागा मॅरम गवताची असते. या गवताचे पाते हातात घेऊन पाहण्यासारखे असते. त्याची पर्णरंध्रे आतील बाजूच्या खोबणींमध्ये असतात आणि हवा कोरडी झाली की पाते नळीसारखे मिटते, त्यामुळे रंध्रे बाहेरच्या वाऱ्यापासून आत बंद होतात.

खारे तुषार हेच मुख्य कारण मानण्याचा मोह होतो. तो आवरावा असे मला वाटते. उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवराचे पाणी गोडे आहे, तरीही त्याच्या काठच्या टेकड्यांवर मॅरमचीच सख्खी भावंड असलेली जात पुढच्या रांगेत उभी असते. दोन्हीकडे समान असते ते वाळूखाली गाडले जाणे. मॅरम वर्षाला सुमारे एक मीटर वाळू अंगावर घेऊनही वर येतो, आणि वाळू येणे थांबले की उलट खुरटतो. यामागचे एक कारण जमिनीखाली आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिले की स्थिर झालेल्या वाळूत मॅरमच्या मुळांना त्रास देणाऱ्या सूत्रकृमी आणि बुरशी साचत जातात. नव्याने उडून आलेली वाळू मात्र त्यांच्यापासून बरीच मुक्त असते आणि नवी मुळे तिच्यात सुटका शोधतात. मागच्या रांगेतील रेड फेस्क्यू या गवताला त्याच सूक्ष्मजीवांचा तितका उपद्रव होत नाही, म्हणून ते मॅरमची जागा घेते. पर्यावरणाचा घटक म्हणताना आपण ऊन, वारा, पाऊस एवढेच मोजतो आणि मातीतील जीव विसरतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

ओलीमाती

दोघांचेही आभार. सव्हानाबद्दल अजून कुणी लिहिलेले नाही. तिथेही मातीचा पोतच निर्णायक असतो का?

वणवा_आणि_गवत

पोत महत्त्वाचा आहे, पण निर्णायक म्हणता येणार नाही. आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की वार्षिक पाऊस सुमारे ६५० मि.मी.पेक्षा कमी असेल, तर झाडांचे आच्छादन किती वाढू शकते याची कमाल मर्यादा पाऊस ठरवतो. त्याहून अधिक पावसात झाडे एकमेकांना भिडून गवताला सावलीत दाबू शकतील इतके पाणी असते, पण वणवे आणि चरणारे प्राणी त्यांना तिथवर पोहोचू देत नाहीत. म्हणजे सव्हाना हा एक नसून दोन आहेत आणि तुमची शंका दुसऱ्याविषयी आहे.

यंत्रणा अशी की कोवळे रोप वणव्यात वरून जळते, मुळापासून पुन्हा फुटते आणि पुढच्या वणव्यात पुन्हा जळते. ज्वालांच्या उंचीपलीकडे शेंडा नेण्याइतका काळ वणव्याविना मिळाला, तरच त्याचे झाड होते. टांझानियातील सेरेंगेटीत याचा पुरावा उलट्या दिशेने मिळाला. रानटी प्राण्यांनाही होणारा गुरांचा बुळकांडी रोग आटोक्यात आल्यावर १९६० नंतर तिथल्या विल्डबीस्ट या कळपाने चरणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्याची संख्या सुमारे अडीच लाखांवरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या घरात गेली. त्यांनी गवत खाल्ल्याने जळायला इंधन उरले नाही, वणवे घटले आणि झाडे वाढली. पाऊस जबाबदार होता असे म्हणायला तिथे फारशी जागा नाही.

मातीचे म्हणाल, तर त्याच सेरेंगेटीच्या आग्नेय मैदानात ज्वालामुखीच्या राखेखाली चुनखडीचा कठीण थर आहे. मुळे खोल जाऊ शकत नाहीत आणि मैदान जवळजवळ वृक्षहीन राहते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातील ग्रॅनाइटच्या उतारांवर माथ्याच्या वाळूमय जमिनीत रुंद पानांची कॉम्ब्रेटम जातीची झाडे असतात. उतारावर जिथे झिरपणारे पाणी पृष्ठभागाजवळ येते, त्या पट्ट्यात टर्मिनालिया सेरिसिया म्हणजे आपल्या ऐनाच्या कुळातले झाड रांग धरून उभे राहते आणि पायथ्याच्या सोडियमयुक्त चिकणमातीत चित्र पुन्हा पालटते. या एका उतारावर पाऊस साधारण सारखाच असतो.

पोषकद्रव्यांचेही एक सुंदर उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील नाइल्सव्ली येथे आहे. निकस वाळूवर पसरलेल्या रुंद पानांच्या सव्हानात मधूनच बाभूळवर्गीय, बारीक पानांच्या झाडांचे ठिपके आढळतात. त्या जागी पूर्वी गुरे राखणाऱ्या लोकांच्या वस्त्या होत्या आणि त्यांनी साठवलेला फॉस्फरस वस्ती उठून गेल्यावरही मातीत टिकून राहिला.

मर्यादवेल

यावरून एक सावधगिरी सुचवतो. किनाऱ्यापासून आत जाणाऱ्या पट्ट्यांकडे पाहून आपण सहज म्हणतो की पुढचा पट्टा काही काळाने मागच्यासारखा होईल. १८९९ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स यांनी मिशिगन सरोवराच्या टेकड्यांवर हीच कल्पना मांडली आणि ती फलदायी ठरली. परंतु १९८८ साली तिथल्याच टेकड्यांमधील तळ्यांच्या गाळातील परागकण आणि वनस्पतींचे अवशेष तपासले गेले, तेव्हा वेगवेगळ्या वयाच्या तळ्यांमधील आजचा फरक हा हळूहळू झालेल्या बदलाचा क्रम नसून, बहुतांशी गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील मानवी हस्तक्षेपाचा परिणाम असल्याचे दिसले. म्हणून ओलीमाती, तुम्ही प्रत्यक्ष पट्टा आखून नोंदी घेणार असाल, तर पाऊस आणि अंतर यांच्यासोबत प्रत्येक चौकटीत खड्डा घेऊन ओलीची खोली, क्षारता आणि गाडले गेलेले जुने मातीचे थर नोंदवा. जागा आणि काळ यांपैकी कोणता फरक आपण पाहत आहोत, हे बहुतेक वेळा त्या खड्ड्यातच कळते.