जग कोसळलं तर लांबच्या बेटावर निभाव लागेल का?

निपाणीकर
2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवतोय? पुणे-बेंगळूर हायवे पाण्याखाली गेला आणि तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत दुधाची पिशवी मिळेना. पाणी ओसरलं, गाड्या सुरू झाल्या, पण माझ्या मनातून ते जात नाही. उद्या अणुयुद्ध झालं, किंवा 1815 च्या तांबोरासारखा ज्वालामुखी फुटला, तर? त्याच्या पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नव्हता, उभी पिकं गेली. अशा काळात कुठली बेटं तग धरतील याचा अभ्यास न्यूझीलंडच्या दोन संशोधकांनी 2023 मध्ये मांडला. त्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आइसलंडबरोबर सॉलोमन बेटं आणि वानुआतू आहेत, म्हणजे उष्ण कटिबंधातली. माझं स्पष्ट मत आहे, चाळीस-पन्नास माणसांनी आधीच तिकडं बस्तान बसवलं तर ती जगतील. मासे, नारळ, अळू आहे, थंडी नाही. इथं मात्र सगळं ट्रकवर अवलंबून.

खानापूरची लेक
दादा, पाणी कुठलं पिणार? प्रवाळाच्या छोट्या बेटावर नदी नसते, ओढा नसतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. विहिरीतून जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, दिवसाला एक लाख लिटरचा. पण त्याला वीज लागते, पंप लागतात, सुटे भाग लागतात. जग कोसळल्यावर ते कोण पाठवणार?
आमच्या कणकुंबीकडं पावसाची झोड असते, तरी मे महिन्यात विहिरीत घागर तळाला खरखरते. आई गाळ बसेपर्यंत पाण्याकडं बघत बसायची. ती गाळाची चव मी विसरलेली नाही. म्हणून नारळाच्या गप्पा मला पटत नाहीत.

निपाणीकर
ताई, पाण्याचं मान्य. मग प्रवाळाचं बेट नको, डोंगराचं घेऊ. सॉलोमन बेटांतलं टिकोपिया बघा की! जेमतेम 5 चौरस किलोमीटर, त्यावर हजाराच्या वर माणसं, आणि तिथं सुमारे 3,000 वर्षांपासून वस्ती आहे. नीरफणस खड्ड्यात पुरून आंबवून ठेवतात, वाईट दिवसांसाठी. 2002 च्या डिसेंबरमध्ये झोई चक्रीवादळानं घरं, बागा सगळं झोडपलं, कित्येक दिवस बाहेर कुणाला त्यांची खबर नव्हती. माणूस एकही दगावला नाही. याहून मोठा पुरावा कसला पाहिजे?

येळ्ळूर शिवार
पुरावा आहे, पण तुमच्या बाजूचा नाही. ती माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेली. डुकरं बागा उकरतात म्हणून 1600 च्या सुमारास त्यांनी बेटावरची सगळी डुकरं मारून टाकली. आवडीचं मांस सोडलं, सगळ्यांनी मिळून. तुमच्या पन्नास जणांत असं एकमत होईल? आमच्या भावकीत बांधाची एक वीत सुटत नाही.
पॅसिफिक महासागरातल्या पिटकेर्न बेटाचं ऐका. 1790 मध्ये बंडखोर खलाशी आणि त्यांच्याबरोबरची ताहितीकडची माणसं तिथं उतरली. जमीन चांगली, पाणी होतं, फळं होती. 1808 मध्ये पहिलं जहाज पोचलं तेव्हा मोठ्या पुरुषांतला एकच जिवंत. उपाशी कुणी मेलं नव्हतं, बहुतेकांनी एकमेकांना मारलं होतं.

कॅम्पातली ताई
काका, माणसं नेहमी अशीच वागतात असं नाही. हिंदी महासागरात ट्रोमेलिन नावाचा वाळूचा तुकडा आहे, साधारण 1 चौरस किलोमीटरचा. 1761 मध्ये मादागास्करच्या गुलामांना घेऊन जाणारं फ्रेंच जहाज तिथं फुटलं. खलाशी होडी बांधून निघून गेले, गुलामांना सांगितलं, परत येतो. 15 वर्षांनी, 1776 मध्ये, जहाज आलं तेव्हा सात बायका आणि एक तान्हं मूल उरलं होतं. उत्खननात त्यांची तांब्याची भांडी मिळाली, पुन्हा पुन्हा ठिगळं मारलेली. झीज झाली की पत्रा ठोकायचा, रिव्हेट बसवायचा, परत चुलीवर. त्या भांड्यांचा फोटो मी कितीदा तरी बघितलाय. आमच्या गल्लीतला तांबट गेल्यापासून गळका बंब मोडीतच जातो.
पण दादा, एक विचारते. माझ्या वडलांना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. तुमच्या पन्नास जणांच्या यादीत ते आहेत का?

निपाणीकर
ताई, नाहीत. खोटं कशाला बोलू? माझी आईसुद्धा नाही, तिचे गुडघे गेलेत. यादी करताना हे नीट लिहून बघितलंच नव्हतं. तरी ट्रकवर जगणं धोक्याचं आहे, हे मी मागं घेत नाही.

येळ्ळूर शिवार
ते मागं घेऊ नकाच, त्यात मी तुमच्याबरोबर आहे. माझ्याकडं बासमतीचं जुनं बी अजून आहे, कणगीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं. विकतचं नाही, आज्याच्या वेळचं. पेरणीआधी या, दोन शेर देतो. ताई, तांबटाचा पोरगा कुठं असतो, काही ठाऊक आहे?