गच्चीवरची पात

बी-७०१: गच्चीवर टाकीजवळच्या लांब कुंडीतली पात काल कुणीतरी मुळासकट उपटून नेली. दोन ठोंब गेले. तो पातीचा कांदा नव्हता हो, चाइव्ह्ज होते. दीड वर्ष जपलंय.

बी-३०२: अगं, मीच नेली. पीठ पेरून भाजी करायची होती, म्हटलं सोसायटीचीच पात आहे. फार वाईट वाटतंय. खाली कांदे नव्हतेच, नुसत्या मुळ्या.

बी-७०१: काकू, तुम्हाला कसं कळणार, मीच पाटी लावायला हवी होती. मुळ्या टाकल्यात का?

बी-३०२: नाही, ओट्यावर कागदात आहेत.

बी-७०१: मग लगेच वाटीभर पाण्यात उभ्या करा, जगतील! ह्याला कांदा धरत नाही, पानं हेच पीक. मातीच्या वर दोन बोटं ठेवून कात्रीने कापायचं, खालून परत फुटतं. बियांची दोन पाकिटं वाया गेली होती माझी, कांद्याच्या जातीतलं बी जुनं झालं की उगवतच नाही. म्हणून ठोंब फोडून लावलेलं बरं.

ए-१०४: वास तर कांद्याचाच येतो. फरक काय मग?

बी-७०१: काका, कूळ एकच. पण पान बघा, दाभणाएवढं बारीक, गोल, आतून पोकळ. चिरलं की इवल्या इवल्या कड्या पडतात. कांद्याची पात फोडणीत टिकते, ह्याचा वास आचेवर उडून जातो. गॅस बंद केल्यावर ऑम्लेटवर, नाहीतर उकडलेल्या बटाट्यावर दही-मीठ घालून वरून पेरायचं, कोथिंबिरीसारखं.

डी-२०३: आमच्या सूनबाई इंफाळच्या. त्या मारोई नाकुप्पी लावतात, पान चपटं असतं. हेच का?

बी-७०१: जवळची बहीण, गार्लिक चाइव्ह्ज. चव लसणाची, फूल पांढरं. ह्याला जांभळा गोंडा येतो. माझ्याकडे अजून एकदाही आला नाही, वाट बघतेय.

ए-५०१: लेकीकडे फ्रँकफुर्टला होतो तेव्हा रोज खाल्लंय. पावावर लोणी थापायचं आणि वर हे गच्च पेरायचं. तिकडे श्निटलाउख म्हणतात, म्हणजे कापायची पात! नावातच सांगितलंय. तिथल्या हिरव्या सॉसमध्ये सात पाले पडतात, त्यातला हा एक. सोबत उकडलेली अंडी नि बटाटे. २०१६ पासून त्या सॉसला भौगोलिक मानांकन आहे.

बी-४०३: आमची माऊ गच्चीवर फिरते. तिने खाल्लं तर?

बी-७०१: अजिबात खाऊ देऊ नका. कांदा, लसूण, चाइव्ह्ज, सगळंच मांजर-कुत्र्यांना विषारी, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आजच जाळी बसवते कुंडीवर.

बी-३०२: ठेवल्या गं पाण्यात. मुळ्या अजून पांढऱ्याशुभ्र आहेत. पानं मात्र मलूल झालीत.

बी-७०१: आलेच काकू. कात्री आणते, लावण्याआधी वरची पानं छाटावी लागतील.