फ्लेक्सच्या जड फाईल्स नेटवर्कवर रखडतात, सर्व्हर घ्यावा का?

फ्लेक्सवाला_सांगली
नमस्कार मंडळी. गणपती पेठेजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. डिझायनिंगचे दोन कॉम्प्युटर, मशीनला जोडलेला रिपचा (फाईल छपाईसाठी तयार करून मशीनला देणारं सॉफ्टवेअर) एक, आणि सगळ्या फाईल्स एका जुन्या डेस्कटॉपवरच्या शेअर फोल्डरमध्ये. मंडळांचे दहा बाय वीसचे बोर्ड सुरू झाले की सगळं ठप्प. पोरगं सेव्ह दाबतं, चहा पिऊन येतं, तरी पट्टी निम्म्यावरच. इकडे कार्यकर्ते काउंटरवर, "अध्यक्षांचा फोटो अजून मोठा करा" म्हणत. काल एक फाईल पीएसडीत (फोटोशॉपच्या नेहमीच्या फाईल प्रकारात) सेव्हच होईना. कॉम्प्युटरवाला म्हणतो सर्व्हर घ्या. घ्यावा का?

कुपवाडकर_प्रीप्रेस
दादा, सर्व्हरचं राहू द्या. दहा बाय वीस किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके) करता?

फ्लेक्सवाला_सांगली
300. डिझायनर आधी ऑफसेटला होता, त्याखाली येतच नाही.

कुपवाडकर_प्रीप्रेस
तिथंच घोडं पेंड खातंय. 10 फूट म्हणजे 120 इंच, 20 म्हणजे 240. 300 नं गुणा, 36,000 बाय 72,000 पिक्सेल. सीएमवायकेत (छपाईचे चार रंग) एका पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे एकाच लेयरला 10 जीबीच्या वर. पीएसडी एका बाजूला 30,000 पिक्सेलच्या पुढं जात नाही आणि 2 जीबीच्या वर सेव्ह होत नाही, पुढं पीएसबी (फोटोशॉपचाच मोठ्या फाईलचा प्रकार) लागते. हीच फाईल 72 ला केली तर 600 एमबीच्या आत बसते. चौकातला बोर्ड माणूस रस्त्याच्या पलीकडून बघतो, त्याला 72 भरपूर झालं.

अक्षरं फोटोशॉपमध्ये नकोच. कोरलमध्ये व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांची) ठेवा, कितीही ताणा, फाटत नाहीत. आणि अध्यक्षांचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो 300 ला नेला म्हणून त्यात मिशीचा एक केस वाढत नाही! तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

रिपला सपाट (सगळे लेयर एकत्र केलेली) टिफ फाईल द्या, एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावून. क्वालिटी जात नाही, वजन उतरतं. लेयरची मूळ फाईल वेगळ्या फोल्डरात.

मिरजेची_डीटीपी
स्विचवर (सगळे कॉम्प्युटर वायरनं जोडणारी पेटी) 10/100 लिहिलंय का बघा. तसा असेल तर सेकंदाला जेमतेम 11 एमबी जातात. तुमच्या 10 जीबीला पंधरा मिनिटं, मग चहा होणारच. गिगाबिट स्विच फार महाग नाही. पण वायरही तपासा. क्रिम्प करताना (टोकाला कनेक्टर बसवताना) आठपैकी चारच तारा लावल्या असतील तर नवा स्विचसुद्धा 100 वरच चालतो. विंडोजच्या नेटवर्क स्टेटसमध्ये स्पीड 1.0 जीबीपीएस दिसला पाहिजे.

शेअर फोल्डरमधली फाईल तिथल्या तिथं उघडून काम करू नका. ॲडोबीसुद्धा आपल्याच डिस्कवर काम करा म्हणतं. आधी कॉपी घ्या, काम संपलं की परत टाका. नावात डिझायनरचं अक्षर आणि तारीख असू द्या, नाहीतर एकाचं काम दुसऱ्याच्या फाईलखाली गाडलं जातं. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (काम चालू असताना तात्पुरता डेटा ठेवायची जागा) एसएसडीवर ठेवा.

खणभागातला
डेस्कटॉप खाली ठेवलाय का? गणपती पेठेत 2019 ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते मी सांगायला नको. बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर ठेवा.

फ्लेक्सवाला_सांगली
स्विच 10/100 चाच निघाला, नवा सांगितलाय. डिझायनर 72 ला तयार नव्हता, म्हणून एकाच डिझाइनचा फूटभर तुकडा दोन्हींत काढून समोरच्या शटरला टांगला. पायरीवरून त्याला ओळखता आलं नाही, तोंड वाकडं करून आत गेला. सर्व्हर रद्द. आता एका सराफाच्या आतल्या स्टँडीला (उभ्या बॅनरला) किती ठेवू? गिऱ्हाईक अगदी जवळून बघतं.

कुपवाडकर_प्रीप्रेस
स्टँडीला 150 ठेवा. तीन बाय सहाला तेवढ्यानं 250 एमबीच्या आतच राहते. दागिन्याचा फोटो मात्र कॅमेऱ्याचाच मागा.